पोटातील रक्तस्रावानंतर कुत्रीला रक्त चढवले. आता शस्त्रक्रियेत पुन्हा रक्त लागल्यास काय?

प्रश्न : पारिजात

नमस्कार. आमच्या घरी पाच वर्षांची, 22 किलो वजनाची मिश्र जातीची कुत्री आहे. गेल्या आठवड्यात तिला गाडीची धडक बसून डाव्या मांडीचे हाड मोडले आणि पोटालाही जबर मार लागला. दवाखान्यात पोहोचताच केलेल्या सोनोग्राफीत पोटात रक्त साठलेले दिसले. पण त्याच वेळी घेतलेल्या नमुन्यात पीसीव्ही, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, 41 आले, जे निरोगी कुत्र्याचेही असू शकते. डॉक्टरांनी शिरेतून सलाईन सुरू केले, वेदनाशामक दिले, पोटाभोवती पट्टा गुंडाळला आणि रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवले. पहाटे तोच आकडा 19 वर उतरला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि तेव्हा तिला एक पिशवी, म्हणजे 450 मि.लि., संपूर्ण रक्त चढवण्यात आले. त्यानंतर पीसीव्ही 28 झाला आणि तो तसाच टिकून आहे. पोट उघडण्याची वेळ आली नाही. आता येत्या दोन दिवसांत मांडीच्या हाडाला प्लेट बसवायची आहे.

माझ्या मनात दोन शंका आहेत. पोटात रक्त दिसत असताना रक्त देण्यासाठी पहाटेपर्यंत थांबणे योग्य होते का, की 41 या आकड्याने सर्वांचीच दिशाभूल झाली? आणि त्या दिवशी केवळ रक्तगटाचे कार्ड पाहून रक्त दिले गेले, दात्याचे आणि तिचे रक्त एकमेकांशी जुळवून पाहिले नव्हते. आता मात्र क्रॉसमॅचिंग झाल्याशिवाय रक्त देता येणार नाही, असे तेच डॉक्टर सांगत आहेत. जीव धोक्यात असताना जे चालले ते आता का चालत नाही? डॉक्टरांवर माझा अविश्वास नाही, परंतु संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हे नीट समजून घ्यावे असे मनापासून वाटते.

उत्तर : शल्यकक्ष

आपल्या पहिल्या शंकेबद्दल लिहितो, कारण माझे रोजचे काम लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियांचे आहे आणि हा प्रश्न बहुतेक प्रत्येक अपघातानंतर समोर येतो.

पीसीव्ही हे प्रमाण आहे, त्यावरून साठा कळत नाही. रक्त वाहून जाते तेव्हा पेशी आणि रक्तद्रव दोन्ही बरोबरीने जातात, त्यामुळे शरीरात उरलेल्या रक्तातील पेशींचे शेकडा प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते. रंग कालवलेल्या पाण्याची बादली अर्धी रिकामी केली तरी उरलेल्या पाण्याचा रंग तितकाच गडद दिसतो. वरून साधे पाणी ओतले की मगच तो फिका होतो. शरीरात हे पाणी दोन वाटांनी येते. पेशींभोवतीचा द्रव पुढच्या काही तासांत रक्तवाहिन्यांत ओढला जातो, आणि आपण सलाईन देतो. कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते : त्यांच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो आणि रक्तस्राव होताच प्लीहा आकुंचन पावून तो साठा अभिसरणात सोडते, त्यामुळे पहिल्या काही तासांत आकडा वस्तुस्थितीपेक्षा चांगला दिसतो. प्रथिनांच्या बाबतीत अशी भरपाई होत नाही, म्हणून एकूण प्रथिनांचा आकडा आधी घसरतो. पीसीव्ही उत्तम पण प्रथिने 6 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, अशी जोडी अपघातानंतर दिसली की रक्तस्राव चालू आहे असेच आम्ही धरून चालतो. आपल्या केसपेपरवर पहिल्या नमुन्याच्या नोंदीत हा आकडाही असेल. तो जरूर पाहावा.

म्हणूनच पहिल्या रात्री कागदापेक्षा प्राण्याकडे पाहावे लागते. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण 80 ते 90 मि.लि. रक्त असते, म्हणजे आपल्या कुत्रीत पावणेदोन ते दोन लिटर. त्यातील सुमारे तिसरा हिस्सा थोड्या वेळात गेला की शरीराची सांभाळून घेण्याची शक्ती संपत येते : नाडी जलद आणि दुबळी होते, पंजे गार पडतात, हिरडीवर बोट दाबून सोडले की गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, प्राणवायू कमी पडल्याची खूण असलेले लॅक्टेट रक्तात वाढते. ही लक्षणे असतील आणि सलाईनने सुधारत नसतील, तर पीसीव्ही 41 असला तरी रक्त द्यावे लागते. उलट महिनोन्महिने हळूहळू रक्त कमी झालेला कुत्रा 15 पीसीव्ही घेऊन शेपटी हलवत चालत येतो, कारण त्याच्या शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळालेला असतो. रक्त कधी द्यायचे याची एकच ठरावीक संख्या सांगता येत नाही, ती यामुळेच.

आपण दिलेल्या माहितीवरून मला तरी डॉक्टरांचे थांबणे योग्य वाटते. मार लागून पोटात झालेला रक्तस्राव बहुतेक वेळा यकृत किंवा प्लीहेच्या फाटीतून असतो आणि पुष्कळदा आपोआप थांबतो. अशा वेळी सलाईनचा मारा केला तर रक्तदाब एकदम चढून नुकतीच बसलेली गुठळी निसटू शकते, म्हणून द्रव थोडा थोडा देऊन वरचा रक्तदाब 90 च्या आसपास राखायचा, पोटाला बाहेरून आधार द्यायचा आणि वारंवार तपासायचे, ही पद्धत आहे. पोटात साठलेले रक्तही सगळे वाया जात नाही; त्यातील बऱ्याच पेशी पोटाच्या आतल्या आवरणातून लसीकावाहिन्यांमार्गे पुन्हा अभिसरणात येतात. पहाटे आकडा उतरला आणि लक्षणेही दिसली, तेव्हा रक्त दिले गेले. यात मला चूक दिसत नाही.

एक दिलासा देणारी गोष्ट आपल्याच आकड्यांत आहे. संपूर्ण रक्त दर किलोमागे 2 मि.लि. दिले की पीसीव्ही साधारण 1 टक्क्याने वाढतो, असा आमचा ठोकताळा आहे. 22 किलोच्या कुत्रीला 450 मि.लि. म्हणजे किलोमागे सुमारे 20 मि.लि., म्हणजे अपेक्षित वाढ 10. ती प्रत्यक्षात 9 झाली आणि टिकली. आत रक्त वाहत राहिले असते तर इतकी वाढ दिसली नसती.

उत्तर : पेशीपट्टी

मी पशुरुग्णालयाच्या रक्तपेढीत जुळवणीचे काम करते, म्हणून दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते.

कुत्र्यांत तांबड्या पेशींवरच्या प्रतिजनांना, म्हणजे पेशीची ओळख ठरवणाऱ्या खुणांना, डीईए या नावाने क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा डीईए 1. रक्तगटाच्या कार्डावर आपण जे पाहिले ते याचेच होते : थेंबभर रक्त कार्डावरच्या अभिकर्मकात मिसळून कार्ड हळूहळू डोलवले की डीईए 1 असलेल्या पेशींचे बारीक लाल कण एकमेकांना चिकटून दिसू लागतात, आणि नसलेल्यांचे मिश्रण एकसारखे गुळगुळीत राहते. माणसांत ओ गटाच्या व्यक्तीच्या रक्तात ए आणि बी विरोधी प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने, आधीच असतात, तसे कुत्र्यांत डीईए 1 च्या बाबतीत नसते. ज्या कुत्र्याला आयुष्यात कधीच रक्त मिळालेले नाही, त्याच्याकडे या परक्या पेशींविरुद्ध सहसा काही तयार नसते, म्हणून पहिले रक्त जुळवणी न करता दिले तरी लगेचची तीव्र प्रतिक्रिया येण्याचा संभव फार कमी असतो. घाईच्या वेळी नुसत्या कार्डावर रक्त देण्याला हा आधार आहे.

पण ते रक्त शरीरात गेले की चित्र बदलते. डीईए 1 जुळले असले तरी इतर अनेक प्रतिजन जुळलेले नसतात. उदाहरणार्थ, डाल नावाचा एक प्रतिजन बहुतेक कुत्र्यांत असतो आणि काही थोड्यांत नसतो, आणि ज्यांच्यात नसतो त्यांना एकदा रक्त मिळाले की पुढे जुळणारा दाता शोधणे महाकठीण होते. शरीर परक्या पेशी ओळखते आणि प्रतिपिंडे बनवू लागते. याला काही दिवस लागतात, म्हणून आधीच्या रक्ताला चार दिवसांहून अधिक काळ झाला असेल तर क्रॉसमॅचिंग केल्याशिवाय रक्त देऊ नये, असा नियम आहे, आणि एकदा लागू झाला की तो त्या प्राण्याला जन्मभर लागू राहतो. पहिला दाताच पुन्हा आला तरीही हा नियम शिथिल होत नाही; उलट त्याच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असण्याचा संभव अधिक. आपल्या कुत्रीचा चार दिवसांचा काळ उलटून गेला आहे.

क्रॉसमॅचिंगमध्ये दात्याच्या पेशी सलाईनने धुऊन रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळतात, 37 अंशांवर ठेवतात आणि गुठळ्या होतात का, पेशी फुटून द्रव लालसर होतो का, हे आधी डोळ्यांनी आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सोबत रुग्णाच्याच पेशी त्याच्याच रक्तद्रवात मिसळून एक नळी ठेवतात, कारण तिथेच गुठळ्या झाल्या तर बाकीच्या नळ्यांचा अर्थ लावता येत नाही. एका दात्याशी जुळले नाही तर दुसरा, तिसरा पाहावा लागतो. यासाठी वेळ हवा, म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नमुना पाठवण्याचा आग्रह धरा. टेबलावर रक्त वाहू लागल्यानंतर ही तपासणी करायला उसंत नसते.

अजून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तयार होणारी प्रतिपिंडे आधी दिलेल्या पेशींनाही नष्ट करू शकतात. हे रक्त दिल्यानंतर तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकते आणि बाहेरून फारसे काही दिसत नाही : थोडा ताप, किंचित पिवळसर डोळे, आणि कारण नसताना पीसीव्ही पुन्हा खाली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा मोजायला सांगावे, जुन्या 28 वर विसंबू नये.

पारिजात

दोघांचेही मनःपूर्वक आभार. केसपेपर काढून पाहिला. पहिल्या नमुन्यात प्रथिने 5.2 लिहिलेली आहेत आणि त्याखाली लाल शाईने रेघ ओढलेली आहे. म्हणजे डॉक्टरांच्या ते लक्षात आलेच होते, हे पाहून फार बरे वाटले.

आणखी दोन गोष्टी विचारते. घरी आमचा दुसरा कुत्रा आहे, सात वर्षांचा आणि 17 किलोचा. तो दाता होऊ शकेल का? शिवाय आमच्याकडे एक मांजरही आहे. उद्या तिच्यावर अशी वेळ आली तर पहिले रक्त जुळवणीशिवाय चालते, हेच तिलाही लागू पडेल का?

उत्तर : पेशीपट्टी

मांजरीला हे मुळीच लागू पडत नाही, आणि हा फरक प्रत्येक मांजरपालकाला माहीत असावा असे मला कळकळीने वाटते.

मांजरांत ए, बी आणि क्वचित आढळणारा एबी असे गट असतात. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए विरोधी तीव्र प्रतिपिंडे जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआप तयार होतात, त्यासाठी आधी रक्त मिळालेले असावे लागत नाही. अशा मांजरीला ए गटाचे रक्त दिले तर एखादा मि.लि. आत जाताच श्वास आणि हृदय मंदावून ती दगावू शकते. ए गटाच्या मांजरीला बी रक्त दिले तर असा तत्काळ आघात सहसा होत नाही, पण दिलेल्या पेशी दोन-चार दिवसांत नष्ट होतात आणि दात्याचे रक्त वाया जाते. त्यामुळे पहिलीच वेळ असो वा दहावी, गट पाहिल्याशिवाय मांजरीला रक्त द्यायचे नाही. 2007 मध्ये मिक नावाचा आणखी एक प्रतिजन सापडला. त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडे आधीपासून असू शकतात, म्हणून शक्य असेल तिथे गट जुळूनही क्रॉसमॅचिंग करतात. साध्या घरगुती मांजरांत ए गट बहुसंख्य असतो, ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्स या जातींत बी चे प्रमाण बरेच असते. पण जातीवरून अंदाज बांधून रक्त देणे धोक्याचेच.

रक्ताचा साठाही मांजरीत कमी असतो, किलोमागे साधारण 60 मि.लि. चार किलोच्या मांजरीच्या अंगात पाव लिटरसुद्धा रक्त नसते. आणि रक्तस्रावाने खचलेली मांजर कुत्र्यासारखी धडधडत्या नाडीने इशारा देईलच असे नाही; तिची नाडी मंद होते, अंग थंड पडते आणि ती कोपऱ्यात गप्प बसते.

मांजरीचे रक्त कुठेच मिळाले नाही तर कुत्र्याचे रक्त देण्याचा उपाय आणीबाणीत केला जातो, हे आपण कुठेतरी वाचाल, म्हणून लिहिते. पहिल्या वेळी मांजर ते सहसा सहन करते, मात्र त्या पेशी चारेक दिवसांतच नष्ट होतात, आणि पुढे पुन्हा कुत्र्याचे रक्त दिले तर प्राणघातक प्रतिक्रिया येते. जुळणारा दाता सापडेपर्यंतचे एक-दोन दिवस मिळवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, आणि तो आयुष्यात एकदाच होतो.

उत्तर : सायली

मी डॉक्टर नाही, पण आमच्या कुत्र्याने उंदीर मारण्याचे औषध खाल्ले तेव्हा जे शिकायला मिळाले ते इथे उपयोगी पडेल. अशा औषधांनी के जीवनसत्त्वावर अवलंबून असणारे रक्त गोठवणारे घटक बनेनासे होतात, आणि लक्षणे खाल्ल्याबरोबर न दिसता काही दिवसांनी दिसतात. आमच्याकडे एकदम धाप लागली, कारण छातीत रक्त साठले होते. आम्हाला वाटले की नुसत्या तांबड्या पेशी देतील, पण डॉक्टरांनी समजावले की पेशींनी प्राणवायू वाहणारे रक्त वाढेल, गळती थांबणार नाही. त्यासाठी रक्तद्रव हवा, कारण गोठवणारे घटक त्यात असतात. के1 जीवनसत्त्व लगेच सुरू केले तरी शरीराला नवे घटक तयार करायला काही तास लागतात, तेवढा काळ रक्तद्रवाने निभावला. नंतर कित्येक आठवडे गोळ्या चालल्या आणि त्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याचा वेळ पुन्हा मोजला. ही शेवटची तपासणी कोणीही टाळू नये.

उत्तर : खुरापर्यंत

मोठ्या जनावरांबद्दल थोडक्यात भर घालतो. गाईंमध्ये रक्तगटांच्या 11 प्रणाली आहेत आणि त्यांतील एकट्या बी प्रणालीत साठहून अधिक प्रतिजन आहेत, त्यामुळे तंतोतंत जुळणारी दुसरी गाय मिळणे जवळजवळ अशक्य; तरीही पहिल्या वेळी गाय दुसऱ्या निरोगी गाईचे रक्त बहुधा बिनतक्रार स्वीकारते. व्याल्यानंतर गर्भाशयाची धमनी फाटणे किंवा चौथ्या पोटातला व्रण फुटून काळे डांबरी शेण पडणे, अशा प्रसंगी गोठ्यातच मोठ्या गाईकडून काही लिटर रक्त काढून शेजारच्या गाईला दिले जाते आणि ती उठून उभी राहते, हे पाहिलेले आहे. घोड्यात मात्र शक्यतो जुळवणी करावी. ज्या घोडीला पूर्वी शिंगरू झाले आहे तिला दाता म्हणून टाळावे, कारण गर्भारपणात किंवा वितेवेळी शिंगराच्या रक्ताशी संपर्क येऊन तिच्यात प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. हीच प्रतिपिंडे चिकातून नवजात शिंगराच्या पोटात गेली तर त्याच्या पेशी फुटून त्याला कावीळ होते.

उत्तर : शल्यकक्ष

पारिजात, आपल्या घरच्या कुत्र्याविषयी राहिले होते. वय चालण्यासारखे आहे, वजन चालणार नाही. दात्याकडून एका वेळी किलोमागे 16 ते 18 मि.लि. पेक्षा अधिक रक्त काढत नाहीत; 17 किलोच्या कुत्र्याकडून ते 300 च्या आसपास भरते. नेहमीच्या पिशवीत गोठणरोधक द्रव 450 मि.लि. रक्ताच्या हिशेबाने आधीच भरलेला असतो, त्यामुळे कमी रक्त घेतले तर त्याचे प्रमाण बिघडते आणि रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम घटण्याची भीती वाढते. म्हणून 25 किलोंवरचा, एक ते आठ वर्षांचा, शांत स्वभावाचा, लसीकरण पूर्ण झालेला, कोणतेही औषध चालू नसलेला आणि स्वतः कधीच रक्त न घेतलेला कुत्रा शोधतात. त्याचा पीसीव्ही 40 च्या वर हवा, आणि गोचिडांमार्फत पसरणारे एर्लिकिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा तसेच हृदयकृमी यांची तपासणी झालेली हवी. बाहेरून ठणठणीत दिसणारा कुत्राही एर्लिकिया अंगात बाळगून असतो, आणि आधीच खचलेल्या रुग्णाला तो रक्तातून मिळाला तर परिणाम फार वाईट होतात. घाईतसुद्धा ही तपासणी वगळू नये असे माझे ठाम मत आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय होईल, तेही सांगतो. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंचा जाड थर असतो आणि तिथे बरेच रक्त झिरपते, म्हणून रक्त भरलेले कापसाचे बोळे फेकून न देता वजन करतात. कोरड्या बोळ्यांचे वजन वजा केले की उरलेला प्रत्येक ग्रॅम साधारण एक मि.लि. रक्ताचा धरतात. रक्त द्यावे लागलेच, तर गाळणी असलेल्या नळीतून, पहिला अर्धा तास अगदी मंद गतीने देतात आणि तेवढा वेळ कोणीतरी शेजारी उभे राहून तापमान, नाडी, श्वास आणि हिरड्यांचा रंग टिपत राहते. ताप एखाद्या अंशाने चढणे, चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी होणे किंवा लघवी तपकिरी होणे, यांपैकी काहीही दिसले की नळी आधी बंद करतात आणि मग कारण शोधतात. भूल दिलेल्या प्राण्यात यातली बरीच लक्षणे झाकली जातात, तेव्हा रक्तदाब अचानक घसरणे हीच एकमेव खूण असू शकते. सर्व सुरळीत असेल तर वेग वाढवून चार तासांच्या आत पिशवी संपवतात, कारण त्यापुढे बाहेरच्या तापमानात रक्तात जंतू वाढण्याचा धोका असतो. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट हे शिरेतून द्यायचे द्रव देत नाहीत. त्यातील कॅल्शियममुळे नळीतच गुठळ्या होतात.

दवाखान्यातून निघताना रक्त दिल्याची तारीख, किती दिले, संपूर्ण रक्त की वेगळ्या केलेल्या पेशी, तिचा डीईए 1 गट आणि दात्याचा क्रमांक, एवढे लसीकरणाच्या पुस्तिकेतच लिहून घ्यावे. केसपेपर हरवतो, पुस्तिका सहसा जवळ असते. आणि पुढे कधी रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरांकडे जावे लागले तर तिला आधी रक्त मिळालेले आहे, हे त्यांना त्यातून पहिल्या मिनिटाला कळेल.